कोल्हापुरात राहायला आलेल्यांसाठी: पाहुण्यांच्या यादीत नसलेल्या जागा कशा पाहाव्यात

कोल्हापूरला येणारा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर भेळ खातो, वेळ उरल्यास नवा राजवाडा पाहतो आणि पन्हाळा-जोतिबा उरकून परतीची गाडी पकडतो. एका दिवसाच्या मुक्कामात याहून अधिक काही साधत नाही आणि त्यात गैरही काही नाही. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा बदली होऊन जो येथे राहायला आला आहे, त्याची अडचण मात्र निराळी असते. पहिल्या दोन-तीन रविवारांत ही सगळी ठिकाणे पाहून होतात, मग पुढच्या रविवारी काय करावे हा प्रश्न पडतो आणि स्थानिकांना विचारावे तर तेही सवयीने पुन्हा पन्हाळ्याचेच नाव घेतात. मी स्वतः बदलीवर आलो तेव्हा पहिले सहा महिने असेच गेले.

२०११ च्या जनगणनेनुसार ५,४९,२३६ लोकसंख्येचे हे शहर मोठ्या शहरांच्या मानाने आटोपशीर आहे आणि त्याचा जुना भाग तर पूर्णपणे पायी फिरता येईल एवढाच आहे. पुढे दिलेला क्रम त्याच हिशेबाने ठरवला आहे. आधी एक तयारी, मग जुन्या शहराभोवती एका सकाळची फेरी आणि त्यानंतर सवडीने, ऋतू पाहून जाण्याच्या काही जागा, असा हा क्रम आहे.

पहिली पायरी: नावे वाचायला शिकावे

घराबाहेर पडण्यापूर्वी शहराचा नकाशा उघडावा आणि त्यावरील नावे नीट वाचावीत. रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती आपण ही नावे उच्चारतो, पण कोल्हापुरात त्यांतील बहुतेक नावे एखाद्या नाहीशा झालेल्या वस्तूकडे बोट दाखवतात. जुन्या शहराला तट होता आणि त्याला गंगावेस, रंकाळावेस, वरुणतीर्थवेस, आदितवारवेस, मंगळवारवेस आणि शनिवारवेस असे सहा दरवाजे होते. तट गेला, दरवाजे गेले, परंतु गंगावेश आणि वरुणतीर्थवेश ही नावे आजही पत्त्यात लिहिली जातात आणि ती नकाशावर एकमेकांना जोडली की जुन्या गावाची हद्द आपोआप उभी राहते.

हीच गोष्ट 'तीर्थ' या शब्दाची. हे शहर एके काळी तळ्यांचे होते आणि त्यातील अनेक तळी बुजवून त्यांवर मैदाने, मंडया उभ्या राहिल्या. सभा आणि क्रिकेट यांसाठी गजबजलेले गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ, तर कपिलतीर्थ या नावाच्या मंडईत आज भाजी विकली जाते. 'तिकटी' हा शब्द बाहेरून आलेल्याला अडखळवतो, त्याचा अर्थ तीन रस्ते मिळतात ती जागा एवढाच आहे. मिरजकर तिकटी आणि पापाची तिकटी ही दोन नावे लक्षात ठेवली तरी रस्ता विचारताना निम्मे काम होते. 'तालीम' म्हणजे अर्थातच कुस्तीचा आखाडा, परंतु येथे तो पेठेच्या सार्वजनिक जीवनाचा कणाही आहे. गणपती, फुटबॉल, महापुरातील मदत ही सगळी कामे तालमीच्याच नावाने चालतात.

दुसरी पायरी: बिंदू चौकातून पायी निघावे

ही फेरी शक्यतो मंगळवार ते शनिवार यांपैकी एखाद्या दिवशी, सकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू करावी. रविवारी अंबाबाईच्या परिसरातील गर्दीत चालणे अवघड होते आणि सोमवारी शासकीय संग्रहालये बंद असतात. न थांबता चालले तर दीड तासात संपणाऱ्या या फेरीला पाहत पाहत चार तासही लागतात. दुचाकी मुळीच घेऊ नये. जुन्या पेठांत ती लावायला जागा शोधण्यातच सकाळ संपते.

बिंदू चौक म्हणजे जुनी आदितवारवेस. येथे तटाचा आणि बुरुजांचा उरलेला भाग अजून उभा आहे आणि त्याच्या आडोशाला कारागृह आहे. रोज हजारो वाहने या बुरुजांना वळसा घालून जातात, पण गावाचा तट असा कोठे दिसतो, असे विचारले तर सांगणारे थोडेच भेटतात. चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असताना, बसवण्यात आले. शिल्पकार होते बाळ चव्हाण. देशभरातील बाबासाहेबांचे बहुतेक पुतळे त्यांच्या निधनानंतरचे आहेत, हे ध्यानात घेतले की या साध्या, फार उंच नसलेल्या पुतळ्यापुढे दोन मिनिटे थांबावेसे वाटते.

तेथून भवानी मंडपाकडे जावे. मंडप आणि नगारखाना सर्वांनाच ठाऊक आहेत, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. याच परिसरातील करवीर नगर वाचन मंदिर मात्र नवागताने पहिल्याच महिन्यात गाठावे. १८५० साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयाचे सभासदत्व घेतले की या शहरात आपल्याला हक्काची एक खुर्ची मिळते, आणि भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या माणसाला तिची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

महाद्वार रस्त्याच्या दक्षिण टोकाला बिनखांबी गणेश मंदिर आहे. नावाप्रमाणे त्याला आत खांब नाहीत. पाच मिनिटांत पाहून होते. नंतर उलट फिरून त्याच रस्त्याने पापाच्या तिकटीवरून गंगावेशीकडे वळावे.

तिसरी पायरी: गंगावेशीत घाई करू नये

या फेरीतील सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, असे माझे मत आहे. गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात आणि आपण मागितल्यावर आपल्यासमोर धार काढून दूध दिले जाते. गवळी आधी आचळांवर पाणी मारतो, चरवी गुडघ्यांत धरतो आणि पहिल्या धारा रिकाम्या भांड्यात पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारख्या टणटण वाजतात. चरवी भरत जाते तसा तो आवाज फेसात बुडून मऊ होत जातो आणि शेवटी नुसती चुळचुळ ऐकू येते. पेला हाती येतो तेव्हा दूध कोमट असते आणि वरचा दोन बोटे फेस ओठांच्या वर मिशीसारखा चिकटतो. शेजारी उभा असलेला पैलवान तोवर दुसरा पेला संपवत असतो. कच्च्या दुधाची सवय नसलेल्याने पहिल्या दिवशी त्याच्याशी बरोबरी करू नये. ज्यांचे पोट नाजूक आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांच्या बरोबर लहान मुले आहेत, त्यांनी नुसते पाहावे आणि दूध घरी नेऊन तापवावे, हेच शहाणपणाचे. पहाटे चुकले तर संध्याकाळनंतर पुन्हा जाता येते.

गंगावेश तालीम याच भागात आहे. तालमीत जाऊन सराव पाहता येतो, परंतु त्याचे काही संकेत पाळावे लागतात. दारातच वस्ताद किंवा एखाद्या ज्येष्ठ पैलवानाला विचारून आत जावे, पादत्राणे बाहेर काढावीत, हौद्याच्या मातीत पाय ठेवू नये आणि परवानगीशिवाय छायाचित्रे काढू नयेत. ही लाल माती म्हणजे नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू असे पदार्थ मिसळून ती मुरवलेली असते आणि त्यामुळे आत शिरताच मातीचा आणि आंबटपणाचा एक मिश्र वास येतो. मुले जोर-बैठका काढत असताना बोलणे टाळावे. सराव संपला की तीच मुले आपणहून 'कुठले पाव्हणं?' असे विचारतात, आणि ओळखीची सुरुवात तेथून होते.

येथून जवळच शुक्रवार पेठेत जैन मठ आहे आणि त्याच्या आवारात आदिनाथांची २८ फूट उंचीची उभी मूर्ती आहे. एवढी मोठी मूर्ती जुन्या पेठेतील गल्ल्यांच्या आत असेल अशी कल्पनाच येत नाही, म्हणूनच बाहेरचा माणूस तिच्यापासून शंभर पावलांवरून निघून जातो.

चौथी पायरी: घाट आणि ब्रह्मपुरी

शुक्रवार पेठेतून पंचगंगेच्या घाटावर उतरता येते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली गेलेली सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा तयार होते आणि तेथून ती शहराच्या उत्तरेकडून वळते. हिवाळ्यातील सकाळी घाटावरील दगडी दीपमाळा आणि लहान देवळे पाण्याबाहेर स्वच्छ उभी दिसतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची फक्त शिखरे दिसतात, किंवा तीही दिसत नाहीत.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण ती पाहण्यापेक्षा राहण्याशी अधिक निगडित आहे. पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या तोंडी राजाराम बंधाऱ्याची पातळी असते. तेथे ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी मानली जाते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी नदी धोका पातळीच्या पुष्कळ वर गेली होती. घर भाड्याने घेताना 'येथे २०१९ ला पाणी कुठवर आले होते?' हा प्रश्न घरमालकाला आणि त्याखेरीज शेजारच्या दुकानदारालाही विचारावा. मी पहिले घर घेताना फक्त घरमालकाला विचारले होते. भिंतीवरील नव्या रंगाखालची ओलीची रेघ पुढच्या पावसात आपोआप वर आली.

घाटाजवळच ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिच्यावर आज वस्ती आहे आणि वरवर पाहता तेथे पाहण्यासारखे काहीच नाही. तरीही तिच्यावरून चालत जावे, कारण पुढच्या पायरीचा अर्थ या मातीवर अवलंबून आहे. १९४० च्या दशकात येथे सापडलेल्या वस्तूंनी आणि नंतर झालेल्या उत्खननाने सातवाहनकालीन वसाहत उजेडात आली. ह. धी. सांकळिया आणि मो. ग. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये हे उत्खनन केले.

पाचवी पायरी: टाऊन हॉल संग्रहालय

ब्रह्मपुरीहून भाऊसिंगजी रस्त्यावरील टाऊन हॉलकडे यावे. चार्ल्स मॅंट या वास्तुविशारदाने आराखडा केलेली, टोकदार मनोऱ्यांची ही काळ्या दगडाची इमारत १८७० च्या दशकातील आहे. नवा राजवाडा आणि समोरचे सीपीआर रुग्णालय यांचे आराखडेही त्याचेच. इमारतीभोवती जुन्या झाडांची बाग आहे आणि रुग्णालयात आलेल्यांचे नातेवाईक दुपारी तेथे डबा उघडून बसलेले असतात. त्यांतील फार थोडे जण संग्रहालयाच्या दारात शिरतात.

आत शस्त्रे, शिल्पे, चित्रे असे पुष्कळ काही आहे, परंतु वेळ कमी असेल तर केवळ ब्रह्मपुरीच्या वस्तूंसाठी आत जावे. त्यांत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आहे. एका वितीतही मावेल एवढी ही मूर्ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारातून समुद्र ओलांडून, सह्याद्रीचा घाट चढून आपण नुकतेच उतरून आलो त्या टेकडीवर पोहोचली होती. कोकणातील बंदरे आणि घाटमाथ्यावरील बाजारपेठा यांना जोडणारा माल या वाटेने जात असे, हे शाळेत वाचलेले असते. टेकडीवरून पायी येऊन ती मूर्ती पाहिली की ते अंतर पोटऱ्यांना जाणवते. मूर्ती मांडणीत दिसली नाही, तर तेथील कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारावे. विचारणारा माणूस आला की त्यांनाही बरे वाटते, असा माझा अनुभव आहे.

सहावी पायरी: दसरा चौकातील पाट्या

टाऊन हॉलपासून काही मिनिटांवर दसरा चौक आहे. बाहेरचा माणूस येथे शाहू महाराजांच्या पुतळ्याचे छायाचित्र घेतो आणि निघून जातो. त्याने चौकाभोवतालच्या इमारतींच्या पाट्या वाचाव्यात. जातीमुळे आणि गरिबीमुळे खेड्यांतील मुलांना शहरात राहायची सोय नव्हती, त्यामुळे शिक्षण अडत होते, हे ओळखून शाहू महाराजांनी वसतिगृहांना जागा, इमारती आणि देणग्या दिल्या. १९०१ मध्ये मराठा आणि दिगंबर जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये वीरशैव लिंगायत, तर १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. यांपैकी काही या चौकात आणि परिसरात आहेत, काही शहरात इतरत्र. महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तो निर्णय आणि ही बोर्डिंगे एकत्रच समजून घ्यायची असतात: नोकरी राखून ठेवायची तर तिच्यासाठी शिकलेली मुले तयार व्हायला हवीत, असा तो हिशेब होता. ही वसतिगृहे म्हणजे विद्यार्थ्यांची राहण्याची ठिकाणे आहेत. बाहेरून पाहावे, आत जायचे असेल तर कार्यालयात विचारावे.

फेरी येथे संपते. बिंदू चौक फार लांब नाही.

नंतरच्या रविवारांसाठी

खासबाग मैदान कुस्तीमुळे प्रसिद्ध आहे, पण ते रिकामे असताना पाहणारे थोडे. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधील प्राचीन आखाडा पाहिला आणि त्यावरून १९१२ साली हे मैदान साकारले. मधला हौदा आणि भोवती चढत गेलेला उतार अशी त्याची रचना असल्याने शेवटच्या रांगेतील माणसालाही पैलवानाचा पाय कोठे अडकला ते दिसते. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. गावातील माणसे अजून त्याबद्दल घरातील गोष्ट सांगावी तशी बोलतात. खासबागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मंगळवार पेठेच्या बाजूला, साठमारी आहे. चिडवलेल्या हत्तीला अंगावर घेऊन त्याला चकवायचे आणि ऐन वेळी दगडी बुरुजाच्या आड शिरायचे, असा तो संस्थानी खेळ होता. खेळ गेला, बुरूज आहेत.

राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलादालन हे माझ्या मते शहरातील सर्वांत दुर्लक्षित ठिकाण आहे. रुपेरी पडद्यावर शिवाजी महाराज साकारणारे म्हणून लोक त्यांना ओळखतात, पण या घरात त्यांची चित्रे आहेत आणि त्यांतील पावडर शेडिंगची निसर्गचित्रे अगदी जवळून पाहावीत: रेषा शोधूनही सापडत नाही, धुके मात्र सापडते. कसबा बावड्यातील लक्ष्मी विलास पॅलेस हे शाहू महाराजांचे जन्मस्थळही निवांत वेळी पाहण्याजोगे आहे.

रंकाळ्यावर जायचेच असेल तर चौपाटीची बाजू सोडून संध्यामठाच्या बाजूने जावे. ही दगडी वास्तू काठालगत पाण्यात आहे. पाऊसकाळात ती बुडते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की खांबांसह वर येते. पहाटे फिरायला मोकळी जागा हवी असणाऱ्यांनी शिवाजी विद्यापीठाचा ८५३ एकरांचा परिसर आणि त्याला लागून असलेला राजाराम तलाव पाहावा. विद्यापीठाचे वनस्पती उद्यान पाहण्यासाठी आधी संबंधित विभागात विचारणा करावी.

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियमवर फुटबॉलचे सामने होतात. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा तालीम, दिलबहार ही नावे ऐकल्यावर कोणती पेठ कोणत्या बाजूला बसते ते आधी विचारून घ्यावे, कारण चुकीच्या बाजूला बसून दुसऱ्या संघासाठी टाळी वाजवण्याचा प्रयोग एकदाच करता येतो.

दिवाळीनंतर गुऱ्हाळे सुरू होतात, तेव्हा शिवाजी पूल ओलांडून वडणग्याच्या बाजूला किंवा कसबा बावड्याकडे जावे. उसाच्या मळ्यांतून धूर दिसेल तिकडे वळावे आणि परवानगी मागून चुलवाणापासून चार हात दूर उभे राहावे. काहिलीत रस उकळू लागला की त्यात भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी घालून मळी वर काढतात. शेवटच्या काही मिनिटांत सगळे गप्प होतात आणि गुळव्याकडे पाहतात. तो पाक थोडासा पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो, मान हलवतो, आणि मग चौघे जण काहील उचलून वाफ्यात रिकामी करतात. पाक घट्ट होण्यापूर्वी वाफ्याच्या कडेला जो मऊ, गरम गूळ राहतो, तो मागितल्यास पानावर मिळतो. फुंकर घालून खावा, जीभ भाजते.